हिरीचा गळा

राब अजून पेटवलाच नव्हता. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा आधी भाजून घेतात. तिथं ऐनाच्या वाळक्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर असं सगळं नीट पसरून झालं होतं. पेटवायला चांगला आठवडा होता. तानीनं शेवटची पाटी ओतली, कंबर सरळ केली, आणि तिच्या छातीखाली कुणीतरी काडी ओढली.

भर दुपारचे बारा. सूर्यमाळच्या उतारावर माणसाची सावलीसुद्धा पायाखाली दडून बसते अशी वेळ. आग छातीतून गळ्यावर आली, गळ्यावरून कानांत, कानांतून केसांच्या मुळांत. घाम असा सुटला की डोळे चुरचुरले. काळीज आतून दारावर थापा मारायला लागलं. मग जशी आली तशी आग निघून गेली, आणि वैशाखाच्या उन्हात तानीला थंडी वाजली.

पण तिला घाबरवलं ते या कशानं नाही. आग यायच्या अगदी पापणीभर आधी तिला ते कळलं होतं. पाठीमागं कुणी येऊन उभं राहिलं की न बघता कळतं ना, तसं. तिनं वळून पाहिलं. मागं मोकळा उतार, आणि उताराच्या टोकाला हिरीचं घर. चार वर्षं बंद.

"काय गे?" नवरा भिका बांधावरून ओरडला. "राबाच्या आधी तूच पेटलीस का?"

"कोन उभा होता मागं?"

भिकानं बारा वर्षं ठाण्यात इमारतींच्या कामावर काढली होती. घरचं बोलणं तो घरच्यासारखं बोलायचा, पण गंभीर व्हायचं असलं की त्याच्या तोंडातून मुकादम बाहेर पडायचा. त्यानं उताराकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "टेन्शन नहीं लेने का. बीपी होगा."

तानी सत्तेचाळीस वर्षांची. पाड्यावर तिला नावानं कमी आणि कामानं जास्त ओळखत, कारण ती धवलेरी होती. इथं लग्न लावायला बाहेरून कुणी येत नाही. घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात, त्याच्यासमोर धवलेरी गाते, आणि ती गाते तेव्हा लग्न लागतं. पुस्तक नाही, कागद नाही. सगळं गाणं एका बाईच्या डोक्यात, आणि मधे तुटलं तर लग्न तिथंच अडलं. तानीला ती गाणी हिरीनं दिली होती. हिरी वारल्यावर मागून साथ करायला हिरीचीच जुनी जोडीदारीण रखमी राहिली, आणि पुढं बसायला लागली तानी.

काळ्याच्या करिष्माचं लग्न एकवीस दिवसांवर आलं होतं.

राबावरच्या त्या दुपारनंतर आग रोज यायला लागली. भाकरी थापताना यायची. नळाखाली हंडा नसतानाही रांगेत उभं राहावं तसं तानी तिची वाट पाहत उभी राहायची, तेव्हा यायची नाही, आणि जरा विसरली की यायची. रात्री झोप लागली की डोक्यात कुणी हाक मारल्यासारखी जाग यायची आणि पाठीखालची गोधडी ओली. पाळीचा घोळ तर त्याच्याही आधीपासूनचा, दोन महिने आलीच नव्हती, मग पंधरा दिवसांत दोनदा. एकदा ती मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन उभी राहिली आणि इथं कशाला आलो तेच आठवेना. झाडाकडे बघत राहिली. झाडसुद्धा तिच्याकडे बघतंय असं वाटल्यावर घरी आली.

तरी हे सगळं तिचं तिच्यापाशी होतं. विहिरीवरचा दिवस आला आणि ते पाड्याचं झालं.

त्या दिवशी दुपारी टँकर आला आणि आटलेल्या विहिरीत धो धो पाणी सोडून गेला. बायका चारी बाजूंनी दोर टाकून गढूळ पाणी ओढत होत्या. करिष्माची आई जिजा काठावर फारच वाकलेली, आणि तिचा दोर हातातून सुटत चाललेला. तानी पलीकडून ओरडली, "दोर सोडू नको गे!"

सगळ्या जणी होत्या तशा थांबल्या. विहिरीनंही ते शब्द खाली नेऊन पुन्हा वर दिले.

तो तानीचा आवाज नव्हताच. तानीचा आवाज पातळ, टोकदार, नव्या कोयत्यासारखा. हा जाड होता, खरखरीत, तळाशी थोडा फाटलेला, सुपात नाचणी हलवल्यासारखा. हा आवाज पाड्यानं चाळीस लग्नांत ऐकला होता.

जिजाचा दोर सुटला. हंडा आत गेला. जिजा प्रत्येक गोष्ट दोनदा बोलते, एकदा दुसऱ्याला सांगायला आणि एकदा स्वतःला पटवायला. ती म्हणाली, "हिरी बोलली. हिरी बोलली गे."

तानीनं तोंडावर हात ठेवला. जणू आवाज अजून आत होता आणि बाहेर पडला असता.

संध्याकाळच्या आत लाडक्या भगत तिच्या ओट्यावर येऊन बसला. सूप पुढं, सुपात तांदूळ. लाडक्या भगताची बोलायची एक तऱ्हा आहे. बोलता बोलता मधेच तो श्वास आत ओढतो आणि शेवटचे शब्द गिळतो. ऐकणाऱ्याला वाक्य स्वतःच पुरं करावं लागतं, आणि घाबरलेली माणसं ते वाईटच पुरं करतात. भगताचं निम्मं काम असं परस्पर होतं.

"हिरीनं जाताना गानी दिली," तो तांदूळ बोटानं सारत म्हणाला. "पन गळा... हुंऽऽ."

"गळा काय?" भिकानं विचारलं.

"गळा तिनं दिला नव्हता. आता घेऊन आली. तिला परत चौकासमोर... हुंऽऽ."

जिजा कोपऱ्यातून म्हणाली, "बसायचा हाय. तिला बसायचा हाय."

"मेलेल्या बाईनं लग्न लावला," भगत म्हणाला, "तर पोरगी... हुंऽऽ."

जिजानं पुढचं मनातच पुरं केलं असावं, कारण ती एकदम रडायला लागली.

तेव्हा ठरलं ते असं. तानीनं गायचं. पण गाणं मधे तुटलं, ती थांबली, अडखळली, तर समजायचं की गाणारी ती नव्हेच. मग जामसरची धवलेरी येऊन बसलेली असेल, ती पुढचं गाईल. आणि तानीनं पुन्हा कुठल्याच चौकासमोर बसायचं नाही. पुढचं कुणी बोललं नाही, पण ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं: ज्या बाईच्या अंगात मेलेली बाई राहते तिच्या हातचं पाणी कोण पितं, आणि तिच्या दारावरून लेकरं घेऊन कोण जातं.

उपाय भगतानं सांगितला. दिवस बुडाला की दार-खिडकी बंद. उशाशी निखारे, त्यावर मिरची आणि रानातला पाला. डोक्यावरून गोधडी. जागं राहायचं, म्हणजे हिरीला शिरायला फट मिळणार नाही.

तानीनं सगळं मन लावून केलं. जागं राहायला कोरा चहा प्यायली, काळा, कडक, गूळ घालून, सहा सहा ग्लास. गोधडी डोक्यावरून घेतली. निखारे फुंकले. भिका धुरानं खोकत ओट्यावर जाऊन झोपला आणि आतून आवाज आला की बाहेरूनच म्हणायचा, "है क्या कोई?" आत हिरी होती. आता ती दिवसातून सात वेळा यायची, आठ वेळा यायची. चार दिवसांत तानीचे डोळे खोल गेले. हनुवटीखाली घामोळं उठलं. गाणं म्हणून बघायला बसली तर चौथ्या गाण्यातली ओळ सापडेना. जिथं ती ओळ असायची तिथं नुसती भिंत होती, पांढरी.

पाचव्या दिवशी वर्षा आली. वर्षा पाड्याची आशा सेविका, वय अठ्ठावीस, खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर. रजिस्टर उघडं असलं की वर्षा मोखाड्याच्या मीटिंगमधली बाई असते आणि समोरचीला 'ताई' म्हणते. मिटलं की ती पाड्याची पोर होते आणि म्हणते 'काकी'.

"ताई, घाबरून न जाता सदर माहिती द्यायची," ती उघड्या रजिस्टरवर म्हणाली. "शेवटची पाळी कोणत्या तारखेला?"

"कोनती शेवटची? येते नि जाते, कुत्र्यासारखी."

"गरम वाफा? घाम? झोपेचा त्रास? विसरभोळेपणा? चिडचिड?"

तानीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तुला कोनी सांगतला? लाडक्यानं?"

"इथं लिहिलेला हाय ना." वर्षानं पान वळवून दाखवलं, जणू तानीला वाचता येत होतं. "रजो... रजोनि... र-जो-नि-वृत्ती." तिनं रजिस्टर मिटलं. "काकी, पाळी जायची वेळ आली तुजी. एवढाच हाय ते. कधी चार वर्षं चालता, कधी जास्त. माज्या सासूलाबी झाला. ती तर सासऱ्याला लाटणा घेऊन मारायला धावली होती."

"आनि गळा?"

वर्षाला गळ्याचं माहीत नव्हतं. तिनं खरं तेच सांगितलं, "ते माज्या रजिस्टरमदी नाय." मग म्हणाली, "आपण उपकेंद्रात सिस्टरला विचारू. पन एक कर. कवा कवा येता ते लिहून ठेव."

"लिहू कशी?"

"रेघा मार गे. भिंत हाय ना."

तानीनं रेघा मारल्या. पण चौक लिहिणारा हात. नुसत्या रेघांवर तो थांबेना. चुलीमागच्या भिंतीवर तिनं कोळशानं एक चहाचा ग्लास काढला, एक चूल, एक गोधडीखालचा माणूस, एक तोंड वासलेली बाई (ती जिजा), आणि टोकाला एक बंद घर. आग आली की त्या आधी काय चाललं होतं ते आठवायचं आणि त्या चित्राखाली रेघ ओढायची.

भिका सकाळी आत आला आणि थबकला. "ये क्या है? भिंतीला पन घाम फुटला का?"

सहा दिवसांनी तानी भिंतीसमोर उकिडवी बसली. ग्लासाखाली रेघांचं रान झालं होतं. गोधडीखाली तसंच. चुलीखाली दाट. जिजाखाली अकरा. बंद घराखाली, हिरीच्या घराखाली, फक्त दोन.

तिनं त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग तिची नजर भिंतीच्या एका कोऱ्या जागेकडे गेली. तिथं काहीच चित्र नव्हतं, कारण तेव्हा काहीच चाललेलं नव्हतं, आणि तरी तिथं पाच रेघा होत्या. त्या ओढल्याचं तिला आठवत नव्हतं.

उपकेंद्रातली सिस्टर कुठल्या तरी लांबच्या गावची होती आणि तिचं बोलणं घाटात ब्रेक सुटलेल्या गाडीसारखं होतं. पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. "बीपी ठीक आहे रक्त थोडं कमी आहे या गोळ्या जेवणानंतर चहाबरोबर नाही किती चहा पिता?"

"सहा ग्लास."

"सहा!" गाडी थांबली. मग पुन्हा सुटली, पण या वेळी सिस्टर तानीच्या तोंडाकडे बघून बोलली. चहा सकाळचा एक, बस. तिखट थोडं कमी. जेवण दिवस मावळायच्या आत. दार उघडं, अंगावर पातळ लुगडं, उशाशी ओला फडका. वाफ आली की तोंड मिटून सावकाश श्वास, सोडताना जास्त वेळ. चालणं रोज, उन्हाच्या आधी. नाचणी खाता का? खाता ना, मग सोडू नका, तीळ, कुळीथ, हिरवी भाजी. मिश्री लावता? कमी करा. जव्हारला जाल तेव्हा थायरॉईडचं रक्त तपासून घ्या. "आणि हे नीट ऐका. पाळी अख्खं वर्ष बंद राहिली आणि मग पुन्हा रक्त दिसलं, किंवा आता कधी कपडा बदलून पुरेना इतकं गेलं, तर थांबायचं नाही. त्या दिवशीच यायचं."

"आनि गळा?" तानीनं विचारलं.

"गळा काय?"

"जाड झाला. दुसरीचा झाला."

सिस्टर म्हणाली, "होतो कधी कधी. या वयात आवाज उतरतो बायकांचा." आणि पुढच्या बाईला हाक मारली.

तानी परत आली ती सरळ रखमीकडे गेली. रखमीला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून ती गुपित सांगते तेव्हा ते तीन घरांना ऐकू जातं. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. तानीनं तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं.

"रखमी आते, हिरी कशी होती गे? मी तिच्याकडे शिकायला आलो तवा?"

"कशी म्हंजे? घामट!" रखमी ओरडली. पलीकडच्या ओट्यावरची कोंबडी उडाली. "तुला ते नेम दिलेले ना तिनं? धवलेरीनं दाराच्या तोंडाशीच बसायचा, लग्नाच्या दिवशी चहाला शिवायचा नाय, मानेवर ओला फडका, दिवस असताना जेवायचा..."

"देवीचे नेम."

"कसली देवी गे! तिला आग यायची! मधेच उठून दाराकडे पळायची. मी म्हनलो, हिरे, लोक काय म्हनतील? पुरुष बसलेले, सांगनार काय? तर म्हनाली, देवीचा नेम हाय म्हनून सांग. तेवापासून नेम!" रखमी हसता हसता शेंग दाण्यासकट टाकून बसली. "आनि तू पुढं बसायला लागलीस तवा काय म्हनालीस? आता जुने नेम कोन पाळतां. सतरंजीवर मदी बसलीस. चहा काय, पंखा काय."

तानीला ते आठवत होतं. तिला हेही आठवलं की लोकांनी तेव्हा नाराजीनं मान हलवली होती.

"आनि तिचा गळा?"

"आधी गोड होता. पाखरासारखा. तू आलीस त्या सालापासून उतरला. तू तोच ऐकलास." रखमी तिच्या मानानं हळू बोलली, म्हणजे एकाच घराला ऐकू जाईल असं. "हिरी तवा तुज्या आताच्या वयाची होती."

म्हणजे हिरी आली नव्हती. तानीच चालत चालत तिच्या जागी येऊन पोचली होती. यात भीती कमी होती की जास्त, हे घरी जाईपर्यंत तिला ठरवता आलं नाही.

उरलेले दिवस तिनं हिरीचे नेम पाळले, सिस्टरचे पाळले. बहुतेक तेच होते, म्हणून फार अवघड गेलं नाही. अवघड गेला तो चहा. पहिले दोन दिवस डोकं असं ठणकलं की तिनं भिकाला उगाच रागावून जामसरला जायला सांगितलं. "जामसरला मेरा कौन है?" तो म्हणाला आणि गेला नाही. निखारे बाहेर गेले. गोधडी पेटीत गेली. तानी ओट्यावर उघड्या वाऱ्यात झोपायला लागली आणि भिका खुशीत आत गेला. पहाटे ती उताराच्या बाजूनं देवळीच्या झऱ्यापर्यंत चालून यायची, आणि चालता चालता गाणी म्हणायची, पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यातली ती ओळ कधी सापडायची, कधी नाही. रस्ता हिरीच्या घरावरून जायचा. तिथं ती गाणं थांबवायची नाही, पण पावलं आपोआप लांब टाकायची. बंद दाराआडून कुणी साथ करतंय असं वाटायचं, अर्ध्या श्वासानं मागं. आपलाच आवाज भिंतीवरून परत येतो, हे तिला कळत होतं. तरी पावलं लांबच पडायची.

भिंतीवरच्या रेघा कमी झाल्या. दिवसाला तीन, कधी दोन. कोऱ्या जागेतल्या तेवढ्या वाढल्या. आता सात.

लग्नाच्या दिवशी काळ्याचं घर माणसांनी फुगलं होतं. वर पत्रा, आत दोन समया, चौक लिहून ओला पांढरा. बाहेर मांडवात एक पोरगा माईकवर सकाळपासून "हॅलो, हॅलो, चेक" करत होता आणि कुणी त्याला पुढचं काही शिकवलं नव्हतं. तानीनं जिजाला सांगितलं, "मी दाराशी बसतों."

"दाराशी कॅमेरा हाय. दाराशी कॅमेरा हाय गे," जिजा म्हणाली. तिला खरी भीती कॅमेऱ्याची नव्हती. तानी दाराशी बसली की उठून पळेल, आणि चौकासमोर बसली की नजरेत राहील. तिनं तानीला मधोमध बसवलं. समोर लाडक्या भगत, सूप मांडीवर. कोपऱ्यात जामसरची धवलेरी पदर सावरून बसलेली, बोलावल्याशिवाय बोलायचं नाही अशा तोंडानं.

तानीनं सुरू केलं. जाड, खरखरीत, तळाशी फाटलेला आवाज घरात पसरला, आणि म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. पहिलं गाणं झालं. दुसरं, तिसरं. रखमी मागून झेलत होती. माणसं दाटत गेली, हवा निघून गेली, समया फडफडल्या. चौथं गाणं, देवीला बोलवायचं. ते अर्ध्यावर आलं आणि तानीला कळलं. पाठीमागं कुणी येऊन उभं राहिलं.

काडी ओढली गेली.

तिनं तोंड मिटून श्वास सोडला, सावकाश. आग थांबली नाही. गळा, कान, केस. आणि पुढची ओळ नव्हती. तिथं चौकाचं पांढरं होतं, ओलं, आणि त्या पांढऱ्यात काहीतरी हलतंय असं वाटलं. रखमीचा आवाज एकटाच पुढं गेला, लटकला, थांबला.

"थांबली," जिजा म्हणाली. "थांबली गे."

भगताचा हात तांदळाकडे गेला. जामसरच्या बाईनं घसा साफ केला. करिष्मा हळदीच्या तोंडानं आईकडे बघत होती. बाहेरून आवाज आला, "हॅलो, चेक."

तानीला एक सोपा रस्ता दिसत होता. याच गळ्यात, हिरीच्या गळ्यात, एवढंच म्हणायचं: देवीचा नेम हाय, दार सोडा. सगळे भराभर उठले असते. पण मग ते हिरीनं म्हटलेलं झालं असतं, आणि करिष्माचं लग्न मेलेल्या बाईनं लावलं असतं, जन्मभर. पोरीला साधी शिंक आली तरी पाडा म्हणाला असता, बघा.

"माजी पाळी जायला आली," तानी म्हणाली.

तिनं ते पुरुषांच्या पंगतीसमोर म्हटलं, कॅमेऱ्यासमोर, मोठ्यानं. काळ्यानं मान खाली घातली. कुणाचा तरी पितळी पेला घरंगळला.

"आग येता. घाम येता. ओळ विसरतों. हिरीलाबी येत होता, म्हनून ती दाराशी बसायची, आनि तुमाला सांगायची देवीचा नेम. भूत नाय. गळा माजाच हाय, वयानं उतरला. मला दार सोडा, मी गातों. नाय सोडलात तर हितंच घेरी येऊन पडन, मग काय ते तांदूळ बघत बसा."

"पन हिरी तर... हुंऽऽ," भगत म्हणाला आणि श्वास ओढून थांबला.

वाक्य तसंच पडून राहिलं. ते पुरं करायला कुणी पुढं आलं नाही.

मग भगताची बायको उठली. जाडजूड, तोंडानं गरीब. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मलापन दाराशी जागा दे गे, तानी. दोन सालं झाली. याचा धूर खाऊन खाऊन मी आतून भाजलो." तिच्या मागं आणखी एक उठली. मग एक. मग जिजानं पदरानं मान पुसली, आणि सगळ्यांना वाटलं की ती आता ओरडेल. ती म्हणाली, "मलाबी येता." आणि एवढी एकच गोष्ट तिनं त्या दिवशी एकदाच म्हटली.

कॅमेरावाला आपोआप बाजूला झाला. तानी उंबऱ्यावर जाऊन बसली, मान वाऱ्याला, तोंड चौकाला. दरीतून वारा वर आला. रखमीनं तिच्या मानेवर ओला फडका टाकला. तानीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं, आणि गाणं सुरू झालं. चौथं, पाचवं, शेवटपर्यंत. जामसरची बाई सुद्धा कोपऱ्यातून साथ करायला लागली. देवीनं बघितलं असेल तर तिला उंबऱ्यावर आणि उंबऱ्याभोवती घामानं निथळणाऱ्या सात-आठ बायका दिसल्या असतील. लग्न लागलं. करिष्मा सासरी गेली. कुणी तांदळाला हात लावला नाही.

ऊन कलल्यावर तानी आणि रखमी मांडवाच्या कडेला बसल्या. जिजानं दोन पानांवर जेवण आणून दिलं होतं. तानीच्या पानात हातानं वाढलेलं, मनापासून. बाहेरच्या माईकला अखेर दुसरं काहीतरी सापडलं होतं आणि पोरं नाचत होती.

रखमी जेवत नव्हती.

"तानी," ती म्हणाली, आणि रखमीनं हे हळू म्हटलं, खरोखर हळू, एकाही घराला ऐकू जाणार नाही असं. "चौथ्यात तू थांबलीस. मग जो कडवा घेतलास, तो कुठला?"

"तोच. विसरलेला."

"नाय. तो नव्हता. मी तीस वर्सं हिरीच्या मागं गायलो. तसा कडवा तिनं कधीच घेतला नाय. मला येतच नव्हता. मी नुसती ओठ हलवत होतों." तिनं घास पानात ठेवला. "तुला कोनी शिकवला?"

तानीनं आठवून पाहिलं. दार आठवलं, वारा आठवला, मानेवरचा फडका. आपलं तोंड उघडलं हे आठवलं. त्यानंतर जिजा रडत होती आणि गाणं पाचव्यावर होतं.

"म्हन बघू परत," रखमी म्हणाली.

तानीनं श्वास घेतला. आणि तिला कळलं, पापणीभर आधी, नेहमीसारखं. या वेळी तिनं मागं वळून पाहिलं नाही. पदर मोकळा केला, तोंड वाऱ्याकडे फिरवलं आणि रखमीचा हात घट्ट धरला.

"थांब," ती म्हणाली, त्या जाड गळ्यानं. "आधी हिला जाऊ दे."